स्केटबोर्डची बेअरिंगं काढणं, धुणं आणि पुन्हा बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाक अडखळायला लागलं की लगेच नवा बेअरिंगचा सेट मागवायचा, ही सवय बऱ्याच जणांना असते. बहुतेक वेळा जुनं बेअरिंग धडधाकट असतं. ते कोरडं पडलेलं असतं, वाकडं बसलेलं असतं, नाहीतर ॲक्सलभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. खर्च करण्याआधी एकदा सगळं खोलून बघा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा ते स्वतः करू शकतात. फक्त धुण्याच्या वेळी मोठं माणूस जवळ असावं. का ते खाली येईलच.

एका बोर्डाला बेअरिंगं किती, आणि ती असतात कुठे?

आठ. प्रत्येक चाकात दोन: एक बाहेरच्या बाजूला, दुसरं ट्रककडच्या (फळीखाली ॲक्सल धरणाऱ्या धातूच्या स्टँडच्या) बाजूला. दोन्हींच्या मध्ये स्पेसर नावाची छोटी नळी असते, निदान असायला हवी. बेअरिंगला एक बाहेरची कडी, एक आतली कडी, दोन्हींमधल्या खोबणीत पळणारे छर्रे (बहुधा सात) आणि छर्रे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून नायलॉनचा किंवा पत्र्याचा पिंजरा असतो. बाहेरची कडी चाकात घट्ट बसते आणि चाकाबरोबर फिरते. आतली कडी ॲक्सलवर स्थिर राहते. कुठली कडी कशात घट्ट आहे, हे डोक्यात पक्कं असू द्या. जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही, ते त्यावरूनच ठरतं.

कुठला साइज लागतो?

६०८. भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. पेनी बोर्ड असो, लाँगबोर्ड असो की साधा स्ट्रीट बोर्ड, साइज हाच. २०१७ साली घराघरात गरगरणाऱ्या फिजेट स्पिनरच्या मध्येही बहुतेक हेच बेअरिंग असायचं. कपाटात एखादा पडला असेल तर काढणं-बसवणं समजून घ्यायला तो बरा.

फसगत होते ती ६२७ मुळे. जोडीजोडीने चार चाकं असलेल्या काही रोलर स्केट्सना ते लागतं. बाहेरून तेच २२ मिमी, जाडी तीच ७, पण भोक ७ मिमी. चाकात अगदी छान बसतं आणि ॲक्सलवर जात नाही. आकडा शील्डवर (बेअरिंगच्या बाजूच्या झाकणावर) किंवा कडीवर बारीक कोरलेला असतो. विकत घेताना वाचून घ्या.

बोर्ड उलटा धरून टिचकी मारली की चाक खूप वेळ फिरलं पाहिजे ना?

नाही. या चाचणीवर कुणी भरवसा ठेवू नये, व्हिडिओत कितीही भारी दिसली तरी. ग्रीस भरलेलं कोरं करकरीत बेअरिंग हाताने फिरवलं तर लवकर थांबतं, आणि सगळं वंगण वाळून गेलेलं जुनं बेअरिंग भणभणत राहतं. वजन पडल्यावर चित्र उलटं होतं.

त्यापेक्षा हे करा. चाक कानाजवळ धरून सावकाश फिरवा. बारीक, एकसारखी सळसळ ठीक आहे. करकर ऐकू आली तर आत वाळू आहे. ठरावीक अंतराने टक-टक झालं तर खोबणीत खड्डा पडलाय, ते बेअरिंग धुऊन सुधारणार नाही. चाक आडवं हलवल्यावर केसभर खेळ असतोच. खुळखुळ वाजत असेल तर नट सैल आहे किंवा स्पेसर नाही. सरळ रस्त्यावर बोर्ड आपोआप एका बाजूला ओढत असेल तर एखादं चाक अडकतंय का ते आधी बघा. दोष बऱ्याचदा ट्रकला दिला जातो.

हत्यारं काय लागतील?

चाकाच्या नटाला अर्ध्या इंचाची गोटी किंवा पाना. घरात मिलिमीटरचे पाने असतील तर १३ चा चालून जातो. थोडा सैल बसतो, म्हणून पूर्ण आत ढकलून मगच जोर लावा, नाहीतर नटाचे कोपरे गोल होतील. स्केटच्या दुकानात मिळणारा टी-टूल घेतला तर त्यात अर्धा इंच, किंगपिनसाठी (ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टसाठी) ९/१६ आणि बोर्डाच्या बोल्टसाठी ३/८ असे तिन्ही माप मिळतात. याशिवाय टाचणी, जुना टूथब्रश, रुंद तोंडाची काचेची बाटली, जुनी सुती चिंधी आणि नट-वॉशर ठेवायला एक वाटी. खाली रद्दी पेपर अंथरा. फरशीवरचे डाग घालवायला बसलात तर बेअरिंगपेक्षा जास्त वेळ जाईल.

आता काढायचं कसं ते सांगा.

बोर्ड कडेवर उभा करून पायांत धरा. नट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवा. चारही नट एकाच दिशेने उघडतात, सायकलच्या डाव्या पेडलसारखी उलट्या आट्यांची भानगड इथे नाही. नटामध्ये नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे तो शेवटच्या आट्यापर्यंत जड फिरतो. तसाच फिरायला हवा.

नट निघाला की त्याखालचा पातळ वॉशर काढा, मग चाक ओढा. चाकामागे ॲक्सलवर दुसरा वॉशर राहतो. जास्त करून हरवतो तो हाच, कारण काळ्या चिकट घाणीत तो ट्रकला असा चिकटून बसतो की आहे हेच कळत नाही. नखाने खरवडून बघा.

आता बेअरिंग. चाक परत ॲक्सलच्या टोकावर चढवा, पण अर्धंच: टोक पहिल्या बेअरिंगमधून जाऊन जेमतेम पलीकडे डोकावेल एवढं. दुसऱ्या बेअरिंगपर्यंत ते पोचू द्यायचं नाही. चाक मुठीत पकडा, तिरकं करा, आणि तो तिरकेपणा न सोडता स्वतःकडे ओढा. ॲक्सल आतल्या कडीत अडकून बसतो, चाक हातात येतं आणि बेअरिंग ॲक्सलवरच राहतं. पहिल्या ओढीत निघालं नाही तर चाक थोडं गोल फिरवून दुसऱ्या कोनातून ओढा. असं चारही बाजूंनी थोडंथोडं सुटू द्यायचं. एकाच बाजूने झटका मारू नका. चाकातला स्पेसर आता सुटून पडेल, तो पकडा. चाक उलटं करून दुसऱ्या बेअरिंगचं तसंच.

कुठलं बेअरिंग कुठल्या चाकातलं, ते पेपरवर त्याच क्रमाने मांडून ठेवा. पुन्हा त्याच जागी गेली पाहिजेत असा काही नियम नाही, पण एकाच चाकातली दोन्ही बेअरिंगं खराब निघाली तर दोष चाकात किंवा ॲक्सलमध्ये शोधायचा हे लगेच कळतं.

ओढून ओढून हात दुखले, बेअरिंग हलतच नाही.

चाक गरम पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवून ठेवा. उकळतं नको, हात घालवणार नाही इतपत पुरे. चाक पॉलियुरेथेनचं असतं, उष्णतेने थोडं मऊ पडतं आणि पकड सोडतं. बाहेर काढल्याकाढल्या पुन्हा ॲक्सलची युक्ती करा. बेअरिंगला पाणी लागलं म्हणून घाबरू नका. ते तुम्ही धुणारच आहात, फक्त त्याच दिवशी धुवा.

गंजलेल्या बेअरिंगचं कधी कधी भलतंच होतं: आतली कडी, पिंजरा, छर्रे सगळं सुटून बाहेर येतं आणि बाहेरची कडी चाकातच राहते. अशा वेळी गरम पाण्यानंतर चपट्या पेचकसाचं टोक कडीच्या आतल्या खोबणीत अडकवा आणि एकदा इकडून, एकदा तिकडून उचलत न्या. डोळ्यांवर चष्मा असू द्या. कडक पोलादाचा टवका उडू शकतो. चाकाच्या कडेला पेचकसाचे ओरखडे पडले तर बिघडत नाही. ज्या भिंतीला बेअरिंग टेकतं तिथे मात्र खाच पडू देऊ नका.

हातोडीने दोन ठोके मारले तर?

ठोका मारला की बेअरिंग निघतं किंवा बसतं, म्हणून हा मोह होतो. नुकसान लगेच दिसत नाही.

बाहेरची कडी चाकात घट्ट आहे आणि तुम्ही मधोमध, म्हणजे आतल्या कडीवर ठोकताय. तो धक्का आतल्या कडीतून बाहेरच्या कडीत जायला एकच वाट आहे: सात छर्रे. प्रत्येक छर्रा खोबणीला टेकतो तो एका ठिपक्याएवढ्या जागेत. साधं ६०८ स्थिर असताना साधारण १४० किलोचा भार सोसेल असं धरून बनवलेलं असतं, तोही उभ्या दिशेने. हातोडीचा छोटासा वाटणारा ठोका क्षणभर त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि तोही आडवा, म्हणजे ॲक्सलच्या दिशेने. खोबणीत डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. चाक फिरताना छर्रे त्या खळग्यांतून जातात, त्यांचा कडीवरून ठक-ठक प्रवास सुरू होतो, आणि चार आठवड्यांनी तुम्ही म्हणता की कंपनीने फसवलं.

ॲक्सलने ओढून काढतानाही ओढ छर्र्यांतूनच जाते, म्हणून ते हळू, कोन बदलत करायचं. बसवताना जोर बाहेरच्या कडीवर आणता येतो, तिथे सबब चालणार नाही.

धुण्याची पद्धत काय?

आधी झाकण बघा. रबराचं सील असेल (लाल, निळं, काळं, कसंही) तर टाचणीचं टोक सीलच्या आतल्या कडेला, आतल्या कडीजवळ सरकवा आणि हळूच वर उचला. टप्पकन सुटतं. धातूचं शील्ड असेल तर त्याच्या बाहेरच्या कडेला तारेची एक बारीक रिंग दिसते का पाहा. दिसली तर तिचं टोक टाचणीने आत ओढायचं. ती रिंग उडते, आणि उडाली की सापडत नाही. म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा. रिंग दिसतच नसेल तर शील्ड दाबून कायमचं बसवलेलं आहे. ते उचकटून काढू नका. असं दोन्हीकडून बंद बेअरिंग धुतलंत तर घाण विरघळून आत आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. ते वापरायचं आणि बिघडलं की बदलायचं.

सीलं साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, बाजूला ठेवा. बेअरिंगं बाटलीत टाका, वर येईल एवढं आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. पहिलं पाणी काळं येईल. ते ओतून द्या, पुन्हा नवीन घाला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी द्रव जवळपास स्वच्छ राहिला की पुरे. एखाद्या बेअरिंगमध्ये पिंजऱ्यामागे केस अडकलेला असतो, तो टाचणीने ओढून काढावा लागतो. बाटली कितीही हलवली तरी तो निघत नाही.

बाहेर काढल्यावर चिंधीवर आपटून झटका आणि पंख्याखाली पसरून ठेवा. गॅरेजमधल्या हवेच्या नळीने गरगर फिरवत वाळवण्याचा खेळ पोरांना फार आवडतो. तो करू नका. वंगण नसलेले छर्रे त्या वेगाने फिरताना घासले जातात, आणि बेअरिंग हातात फुटल्याने इजाही होऊ शकते. हवा मारायचीच असेल तर दोन्ही कड्या चिमटीत घट्ट धरून.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांतलं काय चालेल?

गॅरेजवाले पिढ्यान्‌पिढ्या रॉकेलने बेअरिंग धुतात आणि ते उत्तम धुतलं जातं. अडचण एवढीच की रॉकेल तेलकट थर मागे ठेवतं, वाळायला वेळ लागतो आणि हल्ली ते सहजासहजी मिळतही नाही. मिळालं तर शेवटचं खंगाळणं अल्कोहोलने करा.

पेट्रोल घरात वापरू नका, विषय संपला. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसपर्यंत पोचते. अल्कोहोल, ॲसिटोन, थिनर यांनाही आग लागते. खिडकी उघडी, गॅस बंद, देवाजवळची समईसुद्धा विझलेली हवी. ॲसिटोन आणि थिनर ग्रीस झटपट काढतात, पण रबरी सील आणि काही प्लॅस्टिकचे पिंजरे खराब करतात. चाकं तर त्यांत कधीच बुडवू नका. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सगळ्यात सोपं. सॅनिटायझरचा जेल चालणार नाही, त्यात चिकट द्रव्यं असतात.

तेल कुठलं घालू? घरात खोबरेल आहे.

खोबरेल राहू द्या. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी बोर्ड जागचा हलणार नाही, आणि उन्हाळ्यात हवा लागून ते चिकट होतं. त्या चिकट्याला धूळ धरते. गोडं तेल, तूप यांचंही तेच.

शिलाई मशीनचं तेल चांगलं. पातळ असतं, स्वस्त असतं, बऱ्याच घरांत असतंच. प्रत्येक बेअरिंगमध्ये एक थेंब, फार तर दोन. बोटाने फिरवा, जास्तीचं पुसा. भिजून निथळणारं बेअरिंग रस्त्यावरची सगळी धूळ गोळा करून आणतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल रोज कोणीतरी विचारतं. ते गंजलेला नट सोडवायला, पाणी हुसकवायला मस्त आहे. बेअरिंगमध्ये फवारलं तर होतं-नव्हतं ते ग्रीस धुऊन नेतं, तासभर चाक झकास पळतं आणि मग कोरडं पडतं. धुतल्यावर खरं वंगण घालणार असाल तर हरकत नाही.

आणि तेल की ग्रीस? स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर खेळणाऱ्याने तेल वापरावं. कॉलेजला बोर्डवरून जाणाऱ्याने, गावात धुळीच्या रस्त्यावर चालवणाऱ्याने हलकं लिथियम ग्रीस चिमूटभर भरावं. थोडा वेग जातो, पण ते टिकतं आणि माती आत येऊ देत नाही. ग्रीस गच्च भरू नका. आतल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं भरपूर झालं.

बसवायचं कसं?

चाकातली बेअरिंगची जागा आधी चिंधीने पुसा. वाळूचा एक कण भिंतीला चिकटून राहिला तर बेअरिंग तिरकं बसतं, आणि तिरकं बसलेलं बेअरिंग कितीही महाग असलं तरी घासणारच.

बेअरिंग ॲक्सलवर चढवा, शील्ड ट्रकच्या बाजूला. त्यावर चाक ठेवा आणि दोन्ही तळवे चाकावर टेकवून, अंगाचा भार देत सरळ खाली दाबा. बोर्ड कडेवर उभा आणि ॲक्सल छताकडे, अशी मांडणी केली तर जोर सरळ जातो. बेअरिंग चाकाच्या तोंडाशी समतल आलं, सगळीकडून सारखं आत गेलं, की चाक काढा. आता दुसरं बेअरिंग त्याच पद्धतीने ॲक्सलवर, त्याच्यावर स्पेसर उभा, आणि चाक उलटं करून त्यावर दाबा. स्पेसर ॲक्सलवरच असल्यामुळे तो आपोआप मधोमध येतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी दोन्ही बेअरिंगं बसवून मग स्पेसरची आठवण येणं, हे नेहमीचं आहे. मग सगळं पुन्हा काढायचं.

दाबताना बेअरिंग एका बाजूने आत आणि दुसरीकडून वर राहिलं तर वरच्या बाजूवर जोर वाढवू नका. चाक काढा, बेअरिंग सरळ करा, पुन्हा दाबा. थंडीच्या दिवसांत चाकं कडक असतात. आधी थोडा वेळ उन्हात ठेवली की सोपं जातं.

शील्ड आत की बाहेर?

बाहेर. म्हणजे चाकाकडे बघितलं की दोन्ही बाजूंनी शील्ड दिसायला हवं आणि उघडा पिंजरा चाकाच्या पोटात. दोन्हीकडे शील्ड असेल तर कसंही बसवा.

स्पेसर नाहीत. चालेल?

चालतं, आणि अनेकजण वर्षानुवर्षं तसंच चालवतात. पण काय होतं ते समजून घ्या. नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात. मध्ये स्पेसर असला तर तो दाब स्पेसर घेतो. नसला तर बाहेरच्या कड्या चाकात अडलेल्या आणि आतल्या कड्या आत ओढल्या जातायत, म्हणजे सगळा आडवा भार छर्र्यांवर. उडी मारून वाकडं उतरलात की त्यात भर. ६०८ उभा भार घेण्यासाठी आहे, आडवा ते नाइलाजाने घेतं.

८ मिमी ॲक्सलसाठी १० मिमी लांबीचे स्पेसर मिळतात, चार लागतात, किंमत किरकोळ. काही बेअरिंगांना आतली कडी लांबवून स्पेसर अंगचाच दिलेला असतो. त्यांना वेगळा घालू नका. इनलाइन स्केटचे (एका ओळीत चाकं असलेल्या स्केटचे) स्पेसर दिसायला सारखे असले तरी मापात फरक असतो, ते इथे वापरू नका.

वॉशर किती आणि कुठे?

चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. बोर्डाला आठ. वॉशर फक्त आतल्या कडीला टेकतो, त्यामुळे नट किंवा ट्रक शील्डला घासत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला रुंद वॉशर घातला तर तो नेमका शील्डवर बसेल आणि चाक अडकेल. छोटाच लागतो.

नट किती आवळायचा?

चाक जाम होईपर्यंत आवळा, मग साधारण पाव फेरा सैल करा. चाक धरून आत-बाहेर हलवलं की किंचित टिक जाणवायला हवं. स्पेसर अचूक मापाचे असतील तर नट पूर्ण आवळूनही चाक मोकळं फिरतं, पण हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

नट बदलायला हार्डवेअरच्या दुकानातून आठचा नट आणला. दोन आटे गेला आणि अडकला.

सोडा, पान्याने रेटू नका. बहुतेक ट्रकच्या ॲक्सलला ५/१६ इंची, इंचाला २४ असे बारीक आटे असतात. एम-८ म्हणजे आठच्या नटाचा व्यास जवळपास तोच, पण आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, ॲक्सलचं १.०६ च्या आसपास. दोन फेरे गेल्यासारखं वाटतं आणि पुढे आटे कापले जातात. दुकानात '५/१६ बारीक आटा, नायलॉन लॉक' असं मागा, किंवा स्केटच्या दुकानातून ॲक्सल नट घ्या.

आटे थोडेच दबले असतील तर योग्य नट नेहमीच्या बाजूने, म्हणजे नायलॉन बाहेर ठेवून, पहिल्यांदा धातूचे आटे हळूहळू अडकवत, तेलाचा थेंब देऊन पुढे-मागे करत न्या. बऱ्याच टी-टूलमध्ये आटे साफ करायची डायही असते. ती असेल तर तीच वापरा. पडून-आपटून ॲक्सलचं टोक चपटं झालं असेल तर आधी कानशीने कड मोडा.

एबेक ७ घेऊ की ९?

यावर एवढा वाद होतो की थोडं सविस्तर सांगतो. एबेक हा अमेरिकेतल्या बेअरिंग उत्पादकांच्या समितीचा अचूकतेचा दर्जा आहे. १, ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या. त्यातून मापं किती काटेकोर आहेत तेवढं कळतं. ६०८ एवढ्या बेअरिंगची आतली कडी फिरताना किती डगमगू शकते, तर एबेक १ ला १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि एबेक ७ ला २.५ मायक्रॉन. पोलाद कुठलं, छर्रे किती गुळगुळीत, पिंजरा कसला, वंगण कुठलं, धक्के किती सोसेल, यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

आता हिशोब करा. ५२ मिमीचं चाक एका फेऱ्यात १६ सेंटिमीटरच्या थोडं वर जातं. ताशी २० किलोमीटर वेगाने, म्हणजे बऱ्यापैकी जोरात, ते मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतं. साध्या शील्डवाल्या ६०८ ची मर्यादा ३० हजारांच्या वर असते. मशीनच्या स्पिंडलला तो मायक्रॉनचा फरक कळतो. फूटपाथवरच्या फटींवरून जाणाऱ्या बोर्डाला काय कळणार? शिवाय स्वस्त सेटच्या पाकिटावर '९' छापायला कुणी अडवत नाही. अमेरिकेतली बोन्ससारखी कंपनी हा आकडा वापरतच नाही.

मग बेअरिंगच्या दुकानातलं साधं ६०८ घेतलं तर?

घ्या की. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात किंवा कुठल्याही औद्योगिक गावातल्या बेअरिंगच्या दुकानात एसकेएफ, एनबीसी, एनटीएन यांचं ६०८ सहज मिळतं. 'झेडझेड' म्हणजे दोन्हीकडे धातूचं शील्ड, 'टू-आरएस' म्हणजे दोन्हीकडे रबरी सील. एसकेएफ धातूच्या शील्डला 'टू-झेड' म्हणतं. धूळ-पावसासाठी रबरी घ्या. आत ग्रीस भरलेलं असल्यामुळे सुरुवातीला जड वाटतील, थोडं चालवलं की मोकळी होतात. खास स्केटसाठी बनवलेल्यांत पिंजरा मजबूत नायलॉनचा असतो आणि सील काढून धुता येतं, हा त्यांचा खरा फायदा. पायऱ्यांवरून उड्या मारणाऱ्याने तीच घ्यावीत. शिकणाऱ्याला बाजारातली पुरतात. पाकिटात नाव मोठं आणि किंमत फारच कमी दिसली तर नकली समजा.

सिरॅमिक?

छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे, हलके आणि न गंजणारे. कड्या मात्र बहुधा पोलादाच्याच, त्या गंजतात. पैसे चाकांवर घाला, जास्त फरक जाणवेल.

पावसात बोर्ड भिजला. आता?

त्याच रात्री खोला. बेअरिंगचं पोलाद कडक क्रोम पोलाद असतं, स्टेनलेस नाही. पाणी आत राहिलं तर सकाळपर्यंत तांबूस डाग दिसू शकतो. चाकं काढा, सील उघडा, अल्कोहोलने पाणी हुसका, वाळवा, तेल घाला. तेवढा वेळच नसेल तर निदान चाकं जोरात फिरवून पाणी उडवा आणि प्रत्येक बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडा. कोरड्या कपाटात ठेवून 'वाळेल आपोआप' म्हणू नका.

कार्टर रोडच्या स्केटपार्कला किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ चालवणाऱ्यांना पाऊस नसतानाही हा त्रास आहे. खारी हवा आणि बारीक वाळू. त्यांनी वंगण जरा लवकर-लवकर बदलावं, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत बोर्ड उलटा टाकून बसू नये.

मुलीच्या इनलाइन स्केट्सनाही हेच लागू?

बहुतेक सगळं. इनलाइनमध्येही साधारण ६०८ असतं. शर्यतीच्या काही स्केट्समध्ये लहान ६८८ येतं, म्हणून आकडा बघा. फरक काढण्यात आहे: तिथे ॲक्सल चाकाबरोबर निघून येतो, त्यामुळे ॲक्सलवर तिरकं ओढायची युक्ती चालत नाही. बेअरिंग ढकलायचं साधन वेगळं मिळतं. ते आतल्या बाजूने स्पेसरला टेकवून पलीकडचं बेअरिंग बाहेर ढकलायचं, मग उरलेलं. रिंकवर मुलं चाकांची अदलाबदल करतात तेव्हाच बेअरिंगही तपासून घ्या.

एकच बेअरिंग गेलंय. सगळा सेट बदलायचा का?

गरज नाही. एक बदला. त्याच चाकातलं दुसरं मात्र नीट ऐकून बघा, कारण एकाने अंग टाकलं की भार शेजाऱ्यावर येतो. जुनं फेकू नका. घट्ट चाकात नवीन बेअरिंग बसवताना ते वर ठेवून दाबलं की जोर बाहेरच्या कडीवर सगळीकडे सारखा जातो.